दाब उतरल्यावर

यंदाच्या चातुर्मासात एका सायंकाळी, देवळातून परतताना, एक वयोवृद्ध गृहस्थ माझ्या ओसरीवर येऊन टेकले. त्यांचा आमचा दोन पिढ्यांचा घरोबा. मी त्यांना काका म्हणतो, आणि ते माझ्या काळ्या डगल्याचा मान राखून मला 'वकीलबाब' म्हणतात. पावसापाण्याचे बोलणे झाल्यावर ते म्हणाले, "कायद्याचे एक विचारायचे आहे. जीव मुठीत धरून दिलेला शब्द, तो शब्द म्हणायचा की नाही?"

हकीकत थोडक्यात अशी. तीन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा मुलगा इस्पितळात अत्यवस्थ होता. तिसऱ्या रात्री काकांनी पत्नीच्या आणि सुनेच्या समक्ष कुलदेवीला नवस बोलला, की मुलगा उठून घरी आला तर आजीच्या वेळची पुतळ्यांची माळ देवीच्या गळ्यात घालीन. मुलगा उठला, घरी आला, कामालाही लागला. माळ मात्र कपाटातच राहिली. आता नातीचे लग्न ठरले आहे आणि ती माळ तिच्या अंगावर घालावी असे घरातल्या सर्वांना वाटते. तरुण मंडळींचे म्हणणे असे, की भयाने गांगरलेल्या माणसाच्या तोंडून जे निघते तो आक्रोश होय. त्याला वचन म्हणून कोणी धरून बसू नये.

कायद्याचे उत्तर सोपे होते, आणि ते मी लगेच दिले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १५ मध्ये जुलूम कशास म्हणावे हे सांगितले आहे. तेथे दुसऱ्या कोणी करार पदरात पाडून घेण्याच्या हेतूने धाकदपटशा केलेला असावा लागतो. आजाराला असा हेतू नसतो आणि देवीने तर कोणाला धमकावले नव्हते. तेव्हा जुलूम सिद्ध होत नाही. पण म्हणून नवस बंधनकारक ठरतो असेही नाही, कारण तो मुळी करारच नव्हे. देवतेला आपला कायदा मालमत्ता धारण करणारी व्यक्ती मानतो हे खरे. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूचे दान एकतर नोंदलेल्या लेखाने पुरे होते किंवा वस्तू हवाली केल्याने. आणि येथे लेख नाही, माळ तर कपाटात. "काका," मी म्हटले, "न्यायालयापुढे तुम्ही पूर्ण मोकळे आहात." त्यांनी मान डोलावली. मोकळ्या झालेल्या माणसाचा चेहरा मात्र मला तेथे दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी, नावगाव न सांगता, हा प्रश्न मी सभामंडपात बसणाऱ्या चार मंडळींपुढे ठेवला. एका वृद्ध महाजनांनी तत्काळ निकाल दिला: टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, संकटाच्या घावाखाली निघालेला शब्द म्हणूनच सर्वांत पवित्र. शेजारी बसलेल्या एका अभियंत्याने तितक्याच तत्परतेने उलट निकाल दिला, की दाबाखाली घडलेले काहीही खरे नव्हे. दाब गेला की ते गेलेच. दोघेही ठाम होते, आणि मला दोघांचेही पटेना. आमचा एक स्नेही महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. तो सारा वेळ गप्प होता. देवळाच्या पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "दाब गेला की सारे जाते, हे निदान पदार्थांच्या बाबतीत तरी सरसकट खरे नाही. कधी जाते, कधी राहते. केव्हा काय होते हे पाहण्यासाठीच तर लोक आयुष्ये वेचतात." त्याने मग मला प्लॅटिनम आणि नायट्रोजन यांची गोष्ट सांगितली आणि वाचायला काही कागद दिले. गेले दोन महिने ती गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

प्लॅटिनम हा धातूंमधला कुलीन धातू. हवेपाण्याने तो गंजत नाही, बहुतेक आम्लांना दाद देत नाही, सहसा कोणाशी सोयरीक करीत नाही. नायट्रोजन हा वायू आपल्या श्वासातल्या हवेच्या शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर भाग असतो. पण त्याचे दोन-दोन अणू एकमेकांशी तिपेडी गाठीने असे बांधलेले असतात की तिसऱ्याकडे पाहण्याची त्यांना गरजच पडत नाही. एक कुलाभिमानी, दुसरा आपल्या जोडीत तृप्त. नायट्रोजनच्या हवेत प्लॅटिनमचा तुकडा कितीही वर्षे ठेवा, काही होणार नाही.

या दोघांना एकत्र आणण्याचे साधन मोठे गमतीचे आहे. दोन हिरे घ्यावयाचे. त्यांची टोके घासून बारीक सपाट करावयाची. ती एकमेकांसमोर धरून मधल्या धातूच्या चकतीत केसाएवढे भोक पाडून त्यात पदार्थ ठेवावयाचा, आणि स्क्रू आवळावयाचे. हे यंत्र हाताच्या तळव्यावर मावते. जोर फार लागत नाही. पण तो जोर इतक्या सूक्ष्म जागेवर एकवटतो की लक्षावधी वातावरणांचा दाब तयार होतो. हिराच घण आणि हिराच ऐरण. आणि हिरा पारदर्शक असल्याने आत काय घडते ते डोळ्यांनी पाहताही येते. १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत हे उपकरण प्रथम सिद्ध झाले, तेव्हा त्यासाठी लागलेले हिरे सरकारने तस्करांकडून जप्त केलेल्या मालातले होते. जप्त मुद्देमालाचा इतका सदुपयोग माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही मालखान्यात झालेला नाही.

अशा उपकरणात वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतील ग्रेगोरियान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनम नायट्रोजनमध्ये बुडवून दाबले. दाब साडेचार ते पाच लाख वातावरणांचा. सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी जो भार असतो त्याच्या चारशे पटींहून अधिक. पृथ्वीच्या पोटात हजार-बाराशे किलोमीटर खाली गेल्यावर भेटावा असा. आणि एवढ्या दाबाखालीही, जोवर सारे थंड होते तोवर, काही घडले नाही. प्लॅटिनम नायट्रोजनच्या शेजारी दाबून पडले होते, इतकेच. मग हिऱ्यातून लेसरचा किरण सोडून धातू तापवला. उष्णता सतराशे अंश सेल्सियसच्या वर गेली, तेव्हा कोठे त्या दोघांचा संयोग झाला. २००४ साली त्यांनी हा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यातली खरी नवलाची गोष्ट पुढची आहे: उष्णता काढली, दाब हळूहळू उतरवला, कुपी उघडली, आणि तो नवा पदार्थ आपल्या साध्या हवेत तसाच राहिला.

नुसता राहिला नाही. तो मूळच्या प्लॅटिनमपेक्षा एक-तृतीयांशाहून थोडा अधिक ताठ निघाला. म्हणजे दबण्यास तितका अधिक नकार देणारा. पाण्याचे आकारमान शंभरात एका भागाने घटवावयास सव्वादोनशे वातावरणांच्या आसपास दाब पुरतो. या पदार्थासाठी तेवढ्याच घटीला सदतीस हजार लागतात. ज्याचा जन्म दाबाखाली झाला तो दाबाला इतका कमी वश व्हावा, या गोष्टीवर मी बराच वेळ रेंगाळलो.

याच २००४ साली जर्मनीत माइन्त्स येथे एरेमेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसता नायट्रोजनच याहून दुपटीच्या वर दाबला, अकरा लाख वातावरणांपर्यंत नेला आणि तापवला. तेथेही तिपेड्या गाठी सुटून हिऱ्यासारखी एकसंध जाळी तयार झाली. पण दाब उतरवू लागल्यावर ती टिकली नाही. साध्या हवेपर्यंत ती पोचलीच नाही. दाब अधिक, कष्ट अधिक, आणि शेवटी हाती पुन्हा वायूच. आमच्या मंडपातल्या दोघांनाही हे दोन प्रयोग शेजारी-शेजारी दाखवावेत असे मला वाटले. दाबाखाली घडलेले सारे खोटे, हे पहिल्या प्रयोगाने खोडले. घाव जितका मोठा तितके फळ पवित्र, हे दुसऱ्याने. दाब किती होता यावरून काहीच ठरत नाही. दाब उतरल्यावर काय उरले, एवढेच पाहावे लागते, आणि ते पाहण्यासाठी थांबावे लागते.

मला याचे नवल अशासाठी वाटले, की आमच्या कायद्यानेही नेमके हेच सूत्र धरले आहे. जुलमाने घेतलेला करार कलम १९ प्रमाणे आपोआप रद्द होत नाही. तो ज्याच्यावर जुलूम झाला त्याच्या इच्छेने रद्द होण्याजोगा असतो. धाक गेल्यावर, मन ठिकाणावर आल्यावर, तो माणूस म्हणू शकतो की हे मला मान्य नाही. आणि तोच, मोकळेपणी, तो करार स्वीकारूही शकतो. मग तो पक्का होतो. वकिलीची पहिली काही वर्षे मी ही तरतूद केवळ सोयीची समजत होतो. आता वाटते, तीत माणसाच्या मनाची बरीच जाण आहे.

आणि त्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी लक्षात घेत नाही. तो पर्याय दाबणाऱ्याला दिलेला नाही. करार टिकला तरी तो आपल्या दाबामुळे टिकला असे श्रेय त्याला घेता येत नाही. टाकीच्या घावांची ती म्हण मी अनेक घरांत ऐकली आहे, आणि बहुधा ज्याच्या हाती टाकी असते त्याच्याच तोंडून. सुनेला छळणाऱ्या घरात ती ऐकू येते. शिष्याला झोडपणाऱ्या गुरूच्या तोंडी असते. कामगाराची मजुरी कापणारा धनीही ती म्हणतो. छळातून एखादी सून खंबीर निघते हे मी पाहिले आहे. तिच्या खंबीरपणाचा दाखला सासूने आपल्या बचावात द्यावा, हे मात्र मला कधीही मान्य होणार नाही. शिवाय जी खंबीर निघाली ती आपल्याला दिसते. ज्या चिरडल्या गेल्या त्यांची मोजदाद मंडपात होत नाही.

दाबाशिवाय दृढता येतच नाही, हे तरी कोठे खरे आहे? २००७ साली कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, ऱ्हेनियम हा धातू आणि बोरॉन यांचे एक संयुग साध्या हवेच्या दाबाला, विजेच्या ज्वाळेत वितळवून केले गेले. त्याने हिऱ्याच्या पृष्ठावर ओरखडा उमटवला असे कर्त्यांनी सांगितले. त्यावर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, आणि त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही; पण दाबाशिवाय अत्यंत ताठ आणि कठीण पदार्थ होऊ शकतो एवढे तरी सर्वांनी पाहिले. तेथे उष्णता होती, दाब नव्हता. आपल्याकडच्या कथेत वज्र घडले ते दधीचींच्या अस्थींचे. पण देवांनी त्या अस्थी हिसकावून घेतल्या नाहीत, मागितल्या, आणि ऋषींनी दिल्या.

उष्णतेचा विचार मला दाबाहून अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे. दाब कणांना जवळ आणतो. पण जवळ आणलेल्या कणांना आपापली जागा सोडून नवी जागा घेण्याची मोकळीक उष्णता देते. थंड दाबाखाली प्लॅटिनम फक्त चेपले गेले, बदलले नाही. संकटात सापडलेली कितीतरी माणसे अशी केवळ चेपली जातात. त्यांच्या आत काही हललेले नसते, आणि संकट सरताच ती पूर्ववत फुगून येतात. मनाची ती ऊब, ते आतून ढवळून निघणे, बाहेरचा कोणी दाबून आणू शकत नाही. आपल्या भाषेत तप हा शब्द तापण्यावरून आला आहे, दबण्यावरून नव्हे, हे येथे सहज आठवते.

या गोष्टीला एक उपकथानक आहे, तेही सांगितले पाहिजे. २००४ च्या वृत्तांतात असे मानले होते की नव्या पदार्थात एका प्लॅटिनम अणूला एक नायट्रोजन अणू आहे. म्हणजे नायट्रोजनची जोडी फुटली आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे धातूत मिसळला. क्ष-किरणांनी पाहिले तर जड प्लॅटिनमच ठळक दिसते. हलका नायट्रोजन त्याच्या तेजात लपतो. २००६ साली क्राउहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्य रीतीने तपासून दाखवले की प्रत्यक्षात एका प्लॅटिनमला दोन नायट्रोजन आहेत, आणि ते दोघे अजूनही जोडीनेच आहेत. तिपेडी गाठ सैल होऊन एकेरी झाली, त्यामुळे प्रत्येकाला धातूशी नाते जोडता आले. पण मूळची जोडी तुटली नाही. मोठ्याच्या झळाळीत लहान कोठे आहे हे न दिसल्यामुळे तो विरघळून गेला असे समजणे, ही चूक प्रयोगशाळेतच होते असे नाही. विवाहाने मुलगी सासरी 'मिसळून गेली' असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही बहुधा केवळ मोठ्या अणूकडेच पाहत असतो.

ताठपणा आणि कठीणपणा यांतला भेदही येथे नोंदवावासा वाटतो, कारण नीतीच्या चर्चेत आपण तो हमखास विसरतो. दबण्यास नकार देणे निराळे आणि दुसऱ्यावर ओरखडा काढता येणे निराळे. ऑस्मियम हा धातू चेपला न जाण्याच्या बाबतीत हिऱ्याच्या जवळपास पोचतो. पण ओरखडा काढण्याच्या बाबतीत तो हिऱ्यापुढे कोठेच नाही. संकटातून निघालेल्या माणसाला आपण 'कणखर' म्हणतो. तो कणखरपणा यांपैकी कोणता? ज्यांना आयुष्याने दाबले आणि जे पुढे कोणालाही दबेनासे झाले, अशी माणसे मला पूज्य आहेत. त्याच दाबातून निघून जे इतरांना ओरखडू लागले, त्यांच्याविषयी मला दया वाटते, पूजा नव्हे.

कोणी म्हणेल, वकीलमहाशय, धातूला मन नसते. त्याच्यावरून माणसाचा न्याय कसा करता? आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या स्नेह्याने तो माझ्यापेक्षा नेमका मांडला. तो म्हणाला, हा नवा पदार्थ साध्या हवेत टिकतो तो निष्ठेमुळे नव्हे. गणिताने पाहिले तर त्याचे घटक वेगळे झाले तरच अधिक स्वस्थ होतील. पण वेगळे होण्याची वाट इतकी चढणीची आहे की ते जागच्या जागी अडकून राहतात. खुद्द हिऱ्याचीही हीच कथा. आपल्या या पृष्ठभागावर कोळशाच्या कुळातले ग्रॅफाइटच अधिक स्थिर, आणि हिरा केवळ परतीची वाट न सापडल्यामुळे हिरा राहिला आहे.

हे ऐकून मी प्रथम खट्टू झालो. पण येथेच उपमा संपते आणि माणूस सुरू होतो, असे मला वाटते. पदार्थाला दार नसते, माणसाला असते. काकांच्या कपाटाची किल्ली काकांच्याच जानव्याला आहे. कायद्याने त्यांना मोकळे केले, घरच्यांनी मोकळे केले, देवीने तर एका शब्दाने विचारणा केलेली नाही. परतीची वाट सपाट आणि सोपी आहे. अशा उघड्या दारापुढे माणूस जे करतो त्यालाच वचन पाळणे किंवा मोडणे हे शब्द लावता येतात. इस्पितळातल्या त्या रात्री ते जे बोलले ते वचन होते की आक्रोश, याचा निर्णय त्या रात्रीने होणारच नव्हता.

हे सारे मनात घेऊन मी परवा त्यांच्याकडे गेलो. दाबाचे आणि धातूचे व्याख्यान त्यांना दिले नाही. इतकेच विचारले, "काका, मुलगा इस्पितळातून घरी आला, त्या पहिल्या रात्री, सर्वजण निजल्यावर, तुमच्या मनात त्या नवसाविषयी काय होते?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. काकू देवापुढचे निरांजन उचलून आत गेल्या, तेव्हा हलक्या आवाजात म्हणाले, "त्या रात्री मी तो पुन्हा बोललो होतो. ऐकायला कोणी नव्हते."

"मग माझ्याकडे का आलात?"

"मुलांना सांगायला कायद्याचे एखादे कलम मिळेल, असे वाटले." ते किंचित हसले. "तुम्ही तर त्यांच्याच बाजूचे कलम काढून दिलेत."

मी म्हटले, की त्यांच्या बाजूचे कलम माझ्या कोणत्याही पुस्तकात नाही. "म्हणजे मलाच सांगावे लागणार," ते म्हणाले, आणि नातीला हाक मारण्यासाठी उठले. पण दारापर्यंत जाऊन परत येऊन बसले. "उद्या सांगतो. आज ती साड्या बघायला गेली आहे."

लग्न मार्गशीर्षात आहे.